डोंगरातले घर आणि परतीचा हक्क

सह्याद्रीच्या माथ्यावर आणि त्याच्या दोन्ही उतारांवर वसलेल्या गावांविषयी, म्हणजे साताऱ्याच्या जावळी, महाबळेश्वर व पाटण या तालुक्यांपासून घाटाखालच्या पोलादपूर, खेड, चिपळूणपर्यंतच्या वाड्यावस्त्यांविषयी, मराठीत जे लिहिले जाते त्यात गावी परतण्याचा विषय बहुधा दोनच रीतींनी येतो. एका रीतीत तो शहरात आयुष्य गेलेल्या माणसाच्या मनाचा विषय असतो. दुसऱ्या रीतीत तो नियोजनाचा विषय असतो आणि तिथे त्याला उलटे स्थलांतर, म्हणजे शहराकडून खेड्याकडे होणारी लोकसंख्येची हालचाल, असे नाव मिळते. दोन्ही रीतींच्या तळाशी एकच गृहीतक आहे: माणूस गेला, डोंगर मात्र होता तिथेच आणि होता तसाच राहिला, तेव्हा परतणे म्हणजे केवळ मधले अंतर कापणे. हे गृहीतक टिकणारे नाही. ज्या निसर्गाकडे परतायचे असे म्हटले जाते तो बऱ्याच अंशी माणसांच्या कष्टाने आणि गावाच्या सामाईक नियमांनी घडलेला होता, ती माणसे गेल्यावर तो बदलला, आणि म्हणून परतीचा विचार करताना आठवण व मालकी यांच्याआधी काम आणि त्या कामावर उभा राहणारा हक्क यांचा विचार करावा लागतो.

या पट्ट्यातल्या स्थलांतराबद्दल एक गोष्ट सहसा नजरेतून निसटते, ती अशी की ते सुरुवातीपासून परतीच्याच आधारावर रचलेले होते. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्या काही दशकांत रत्नागिरी जिल्हा व साताऱ्याचा घाटमाथा हे गिरण्यांना माणसे पुरवणारे प्रदेश बनले. गावातून गेला तो कर्ता पुरुष. बायको, मुले, म्हातारी माणसे आणि गुरे मागे राहिली. मुंबईत एका गावचे पुरुष एकाच गाळ्यात, म्हणजे चाळीतल्या एका सामाईक खोलीत, पाळीपाळीने झोपत, खानावळ चालवणाऱ्या बाईकडे जेवत आणि घरी मनीऑर्डर पाठवत. गिरण्यांतल्या बदली पद्धतीने, म्हणजे कायमचा कामगार गैरहजर असेल त्या दिवशी त्याच्या जागी दुसऱ्याला घेण्याच्या रीतीने, मालकांना हुकमी मजूर मिळत आणि कामगाराला लावणीच्या दिवसांत किंवा शिमग्याला गाव गाठता येई. कामगाराचे आजारपण, बेकारी, बायकोचे बाळंतपण आणि म्हातारपण यांचा खर्च गिरणीने फारसा उचलला नाही, कारण तो डोंगरातले घर उचलत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो इतका लांबला, यामागे कामगारांचा निर्धार होता तसे गावाकडचे भात आणि नाचणीही होती, कारण हजारो कामगार संपाच्या काळात गावी जाऊन राहिले. गिरणगावाच्या इतिहासात संपाचे नेते, सभा आणि मोर्चे यांची नोंद सविस्तर आहे. त्या संपाला जेवू घालणाऱ्या शेतांची आणि ती शेते कसणाऱ्या बायकांची नोंद त्यामानाने फारच तोकडी आहे. गिरण्या मिटल्यावर बाजारपेठांतली हमाली, म्हणजे १९६९ च्या कायद्याने संरक्षण मिळालेले माथाडी काम, टॅक्सी, सुरक्षारक्षकाची नोकरी आणि नव्या मुंबईतली लहानमोठी कामे यांनी गिरण्यांची जागा घेतली; पण या नव्या पिढीने कुटुंबही सोबत नेले आणि तिथे जुन्या रचनेचा कणा मोडला.

त्याचा परिणाम जनगणनेत दिसतो. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गाचीही याच दशकात घटली. २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. या आकड्यावरून जिल्ह्याच्या पुरोगामीपणाचा दाखला देण्याची एक सवय आहे, ती सोडलेली बरी, कारण तो आकडा मुलींच्या जन्माचा कमी आणि पुरुषांच्या गैरहजेरीचा अधिक आहे.

आता मागे राहिलेल्या डोंगराकडे पाहता येईल. या भागातली शेती दोन भिन्न जमिनींच्या जोडीवर उभी होती. पहिली भाताची खाचरे, म्हणजे उतारावर दगडांची ताल रचून, तिच्यामागे माती अडवून तयार केलेले सपाट तुकडे. दुसरी, महसुली भाषेत जिला वरकस म्हणतात ती, म्हणजे गवत, राबाचा पाला आणि नाचणी-वरीसारखी हलकी पिके देणारी उताराची जमीन. वरकसावर दोन-तीन वर्षे नाचणी, मग वरी किंवा कारळा घेऊन ती काही वर्षे पडीक टाकली जाई. त्या काळात तिथे कारवी आणि झुडपे वाढत, मातीत पाला मुरे आणि पुन्हा पाळी आली की साफसफाई होई. खाचरातल्या रोपांसाठी राब भाजला जाई: ऐन, किंजळ अशा झाडांच्या डहाळ्या, वाळका पाला, शेण आणि गवत यांचे थर रोपांच्या वाफ्यावर पसरून उन्हाळ्यात ते पेटवायचे, त्याने तणाचे बी मरते आणि राखेचे खत मिळते, मग पावसाच्या तोंडावर तिथे भात पेरायचे. याचा अर्थ असा की खाचराचा प्रत्येक तुकडा त्याच्याहून कितीतरी मोठ्या उतारावर अवलंबून होता, आणि कोणत्या उतारावरचा पाला कोणी तोडायचा, गवत कधी कापायचे, गुरे कोणत्या महिन्यापासून मोकळी सोडायची, वणवा कोणत्या दिशेने येऊ द्यायचा नाही, हे गावाने ठरवलेले असे. देवराई, म्हणजे देवाच्या नावाने राखलेले आणि कुऱ्हाडीपासून दूर ठेवलेले रान, हे या व्यवस्थेचे अंग होते, तिला लागलेला अपवाद नव्हे. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया अभ्यासल्या तेव्हा त्यांच्यासमोर हीच गोष्ट आली: बऱ्याच देवराया पाण्याच्या उगमाशी होत्या आणि त्यांच्या राखणीमागे श्रद्धेबरोबर गावाचा व्यवहारही होता.

पाण्याची गोष्ट थोडी थांबून पाहण्याजोगी आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही त्याच माथ्यावरच्या व उतारावरच्या कितीतरी वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत हंडे घेऊन लांब जावे लागते. याचे कारण खडकात आहे. माथ्यावर जांभ्याचा थर आहे, म्हणजे लोहयुक्त, सच्छिद्र, पाणी पिऊन घेणारा दगड. त्याखाली घट्ट बेसॉल्ट आहे. जांभ्यात मुरलेले पाणी त्या दोन थरांच्या सांध्याशी, कड्याच्या काठाला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते, आणि गावे बहुधा अशाच झऱ्यांच्या आसऱ्याने वसली आहेत. झऱ्याच्या वरच्या अंगाला झाडी राखणे, कुंडातला गाळ दर उन्हाळ्यात काढणे, पाटाची, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या उघड्या चरीची, डागडुजी करणे ही कामे पाळीने होत. माणसे कमी झाली, नळयोजना आली, आणि पाळी मोडली. मग योजनेचा पंप बंद पडला की गावाला झऱ्याची आठवण होते, तोवर कुंड गाळाने भरलेले असते.

घराचेही तसेच आहे. मातीच्या भिंतींचे कौलारू घर बंद ठेवून टिकत नाही, ते राहते असले तरच टिकते. चुलीच्या धुराने वासे व आढे कोरडे राहतात आणि किडीला आळा बसतो. जमीन सारवली जाते म्हणून तिला भेगा पडत नाहीत. वानरांनी किंवा वाऱ्याने सरकवलेले कौल पावसाळ्याआधीच्या शाकारणीत जागेवर येते, पश्चिमेच्या भिंतीला पेंढ्याची किंवा झापांची झड बांधली जाते. यातले काहीही न होता दोन-तीन पावसाळे गेले तर एका सरकलेल्या कौलातून उतरणारे पाणी भिंतीत मुरते, वाळवी वाशाला लागते आणि घर कोपऱ्यातून बसू लागते. मुंबईच्या मंडळींना वर्षातून एकदा उघडलेल्या घरात जी ओल आणि जो कुबट वास जाणवतो, त्याला ते पावसाचा दोष मानतात. म्हणूनच परतणाऱ्यांनी बांधलेली नवी घरे स्लॅबची असतात, आणि त्याबद्दल त्यांना नावे ठेवणाऱ्या शहरी सौंदर्यदृष्टीला हे उमगत नाही की स्लॅब हे कुलूपबंद घराचे तर्कशुद्ध रूप आहे.

शेत सोडल्यावर काय होते याचे चित्र मात्र एकरंगी नाही आणि त्यात गावाचा अभिमान बाळगणाऱ्यांना न रुचणारी बाजूही आहे. तालीचा एक दगड निसटला आणि तो कोणी परत चढवला नाही तर त्या खिंडीतून मातीसह पाणी धावते, खालचे खाचर गाळाने भरते, आणि काही वर्षांत पायऱ्यांची ती रचना पुन्हा उतार होऊ लागते. पडीक वरकसावर काही ठिकाणी घाणेरी आणि रानमोडी या परदेशातून आलेल्या झुडपांचे रान माजते, त्यात गुरांना खाण्याजोगे काही नसते. पण जिथे बियाणे पुरवणारे जुने रान जवळ आहे तिथे त्याच पडीक जमिनीवर जांभूळ, अंजनी, गेळा, हिरडा परतताना दिसतात, आणि राबासाठी दरवर्षी छाटला जाणारा ऐन अखेर झाडासारखा वाढतो. जुन्या पद्धतीत सगळे समतोलच होते असे म्हणणे खोटे ठरेल. राबाच्या छाटणीने कितीतरी उतार बोडके केले होते आणि कुमरी शेतीवर, म्हणजे जंगल तोडून-जाळून फिरत्या तुकड्यांवर केलेल्या शेतीवर, इंग्रज सरकारने घातलेल्या बंधनांमागे महसूल व लाकूड यांचा लोभ असला तरी वनस्पतींच्या ऱ्हासाचे निरीक्षण सर्वस्वी खोटे नव्हते. तेव्हा माणूस परतल्याने निसर्ग सुधारतो असा सरळ नियम मांडता येत नाही. मांडता येते ते इतकेच की माणसांची ये-जा ही या निसर्गाच्या घडणीतली एक शक्ती आहे, आणि तिला बाहेरची गोष्ट मानून केलेले कोणतेही धोरण अर्ध्या माहितीवर केलेले धोरण ठरते.

अशा धोरणांची उदाहरणे हाताशी आहेत. पश्चिम घाटासाठी नेमलेल्या, याच माधव गाडगीळांच्या समितीने २०११ मध्ये संपूर्ण घाटाला संवेदनशीलतेनुसार प्रतवारी लावून निर्णय ग्रामसभांपर्यंत नेण्याची शिफारस केली. त्यानंतरच्या कस्तुरीरंगन कार्यगटाने २०१३ मध्ये उपग्रहचित्रांच्या आधारे घाटाचे दोन भाग पाडले, एक नैसर्गिक भूदृश्य आणि दुसरे सांस्कृतिक भूदृश्य, म्हणजे वस्ती, शेती व बागा असलेला प्रदेश, आणि संरक्षणाचा भर पहिल्यातल्या सुमारे साठ हजार चौरस किलोमीटरवर ठेवला. दुसऱ्या अहवालाची राजकीय सोय स्पष्ट आहे, पण त्याची विचाराची चौकट जावळीच्या एखाद्या वाडीला लावून पाहिली तर ती कुठेच बसत नाही: खाचर सांस्कृतिक, त्याला पाला पुरवणारा उतार नैसर्गिक, तो उतार दहा वर्षांपूर्वी नाचणीखाली होता म्हणून तेव्हा सांस्कृतिक, आणि आज तिथले कुटुंब वाशीला राहते म्हणून पुन्हा नैसर्गिक. आकाशातून हिरवे दिसणारे सगळे रान अस्पर्श मानले गेले की तिथल्या माणसाची गैरहजेरी हाच त्या जमिनीचा गुण ठरतो. कास पठाराचा अनुभव याला जोडून पाहावा. कोयना, चांदोली आणि राधानगरी यांच्यासह कासचा २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात समावेश झाला, पर्यटकांचे लोंढे आले, फुले वाचवण्यासाठी कुंपण घातले गेले, आणि पुढे त्या कुंपणाने गुरांची चराई थांबून गवत माजते व फुलांना जागा उरत नाही असा आक्षेप आल्यावर ते काढावे लागले. सीतेची आसवे किंवा तेरडा ज्या उघड्या, पातळ मातीच्या सड्यावर फुलतात तो सडा गुरांच्या खुरांनी व तोंडांनीही घडवलेला असू शकतो, ही शक्यता कुंपण घालणाऱ्यांच्या हिशेबात नव्हती.

कोयनेच्या खोऱ्यात हा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. धरणाच्या शिवसागर जलाशयाने नदीकाठची सुपीक खाचरे आणि गावे पाण्याखाली घेतली. काही कुटुंबे सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशा दूरच्या जिल्ह्यांत वसवली गेली, काही जण काठावरून वर सरकून डोंगरातच राहिले. १९८५ मध्ये याच परिसरात अभयारण्य जाहीर झाले आणि २०१० मध्ये ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग बनले. म्हणजे ज्यांनी विजेसाठी खालची जमीन दिली त्यांच्याच वरच्या जमिनीवर पुढे वाघासाठी निर्बंध आले. अभयारण्य नसते तर ते रान आज उरले असते का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर बहुधा नकारार्थी आहे, आणि तरीही संरक्षणाची किंमत त्याच त्याच कुटुंबांकडून दोनदा वसूल झाली ही गोष्ट त्या उत्तराने पुसली जात नाही. या खोऱ्यातून गेलेल्या माणसाच्या परतीचा अर्थ काय, हे कोणत्याही निसर्गवर्णनात सापडत नाही. उरलेल्या गावांत गवे आणि रानडुकरे शेतात उतरतात, नुकसानभरपाईसाठी पंचनामा, सातबारा आणि सहहिस्सेदारांची संमती लागते, आणि एवढे जमवण्यापेक्षा पेरणीच न करणे परवडते. मग आणखी एक तुकडा पडीक होतो व गवा आणखी एक बांध पुढे येतो.

इथे जमिनीच्या कागदांकडे वळावे लागते, कारण परतीचा मार्ग एसटीपेक्षा तलाठ्याच्या दप्तरातून अधिक जातो. सातबारा उतारा, म्हणजे जमिनीची मालकी आणि पीकपाणी दाखवणारा महसुली दाखला, डोंगरी गावांत बहुधा सामाईक असतो: आजोबांच्या नावापुढे मुलगे, त्यांच्यापुढे नातवंडे, लग्न होऊन गेलेल्या बहिणी आणि कधीकधी वारसनोंदच न झालेली मृत माणसे. वाटणी तोंडी असते, कागदावर नसते. १९४७ चा तुकडेबंदी कायदा ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडू देत नाही, म्हणून कागदी वाटणी होतही नाही. याहून परिणामकारक ठरले ते कुळकायद्याचे भय. कसणाऱ्याला जमिनीचा मालक करणारा हा १९४८ चा कायदा आणि १ एप्रिल १९५७ हा त्यातला कृषकदिन यांनी महाराष्ट्रात मोठे सामाजिक परिवर्तन घडवले. पण मुंबईला राहणाऱ्या लहान खातेदाराच्या मनात त्याचे जे उरले ते ‘कूळ लागेल’ एवढेच. या भीतीने तो आपली खाचरे शेजाऱ्याला अर्धेलीने, म्हणजे निम्म्या पिकाच्या बोलीवर, कसायला देत नाही, दिली तर कागद करत नाही आणि एक-दोन वर्षांनी माणूस बदलतो. कसणाऱ्या हाताला न्याय देण्यासाठी झालेल्या कायद्याच्या सावलीत जमीन कोणाच्याच हाताखाली राहिली नाही, हा या पट्ट्याच्या आधुनिक इतिहासातला सर्वांत बोलका विपर्यास म्हणावा लागेल. शेजारणीला जमीन हवी असते, मालकाला ती पडलेली नको असते, आणि तरीही ती पडून राहते.

वनहक्क कायद्याची गोष्ट याच जातीची आहे. २००६ चा हा कायदा जंगलावर अवलंबून असलेल्या समूहांचे हक्क मान्य करतो, पण आदिवासी नसलेल्यांना त्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, प्रामुख्याने तिथेच वास्तव्य असल्याचे दाखवावे लागते. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने सामूहिक वनहक्क मिळवून बांबूच्या व्यवस्थापनापर्यंत मजल मारली ती एकसंध, गावातच राहिलेल्या गोंड समाजाच्या बळावर. साताऱ्याच्या घाटात ज्याचे अर्धे आयुष्य घाटकोपरला आणि अर्धे डोंगरात गेले त्या माणसाचे वास्तव्य प्रामुख्याने कुठले, याचे उत्तर कायद्याच्या शब्दांत नाही. खरे तर दोन्हीकडचे हे असणे हीच त्याची जगण्याची रीत होती आणि तिच्यावर मुंबईने शंभराहून अधिक वर्षे मजूर पोसले.

हे सगळे मांडताना एक आक्षेप टाळता येत नाही, आणि तो सर्वांत वजनदार आहे. गावाचे सामाईक नियम असे जे वर म्हटले ते सर्वांसाठी समान कधीच नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे याच कोकणपट्टीतल्या मंडणगड तालुक्यातले, आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी ग्रामव्यवस्थेच्या गौरवीकरणाला जो कठोर नकार दिला त्यामागे पिढ्यांचा अनुभव होता. ज्याला पाणवठ्यावर जागा नव्हती, मेलेली गुरे ओढणे ज्याच्या वाट्याला होते, त्याच्या दृष्टीने मुंबईच्या चाळीतली खोली ही हरवलेल्या घराची दुबळी नक्कल नव्हती. ती सुटका होती. गवळी धनगरांचेही वेगळे आहे: माथ्यावरच्या सड्यांवर म्हशी राखणाऱ्या या समाजाच्या वस्त्या अभयारण्ये आणि चराईबंदी यांच्या रेट्याने खाली सरकल्या, आणि सातबाऱ्यावर नाव नसल्याने त्यांच्या जाण्याला स्थलांतर म्हणून मोजलेही गेले नाही. बायकांचे तर उघडच आहे. पुरुष मुंबईला असताना लावणी, कापणी, राब, पाणी, गुरे आणि सासू-सासऱ्यांचे दुखणेखुपणे ज्यांनी काढले त्यांची नावे उताऱ्यावर फार उशिरा, बहुधा विधवा म्हणून, चढली. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली तरी हक्कसोडपत्रावर सही करून देणे हाच बहिणीचा धर्म मानला जातो. परतीची हुरहूर बोलून दाखवणारा आवाज बहुतेक वेळा ज्याचे नाव उताऱ्यावर आहे त्याचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या हुरहुरीचे मोल कमी होत नाही, पण तिच्या नावाने मागितल्या जाणाऱ्या हक्काची तपासणी करणे भाग पडते.

ही तपासणी २०२० मध्ये एकदा आपोआप झाली. कोविडच्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याहून निघालेली माणसे घाट चढून-उतरून गावाच्या वेशीवर आली तेव्हा शाळांत विलगीकरण झाले, कुठे रस्ते अडवले गेले, कुठे स्वागत झाले, आणि बाराही महिने गावात राहणाऱ्यांनी प्रथमच उघडपणे विचारले की आलेल्यांचा गावावर हक्क कोणत्या नात्याने आहे. एरवी या गावांचा कारभार बराचसा मुंबईतूनच चालतो. गावागावाची मुंबई मंडळे आहेत, ती वर्गणी गोळा करतात, मंदिराचा जीर्णोद्धार, रस्ता, सभामंडप ठरवतात. शाळेची भिंत आणि स्मशानभूमीचे शेडही त्यांच्या पैशांतून उभे राहिलेले असते. हे ऋण खरे आहे. पण ज्याला पाऊस चुकवायचा असतो तो उत्सवाच्या आठवड्यात दिसेल अशीच गोष्ट बांधतो, आणि म्हणून देवराईतले काही वृक्ष जाऊन तिथे सिमेंटचे शिखर येते, झऱ्याच्या कुंडासाठी मात्र वर्गणी निघत नाही.

गावात राहणारे आणि मुंबईकर यांच्याखेरीज आता या जमिनीकडे तिसरी नजर वळली आहे. राज्य रस्ते विकास महामंडळाला नियोजन प्राधिकरण नेमून सातारा जिल्ह्यातल्या सुरुवातीला २३५ गावांसाठी आखलेला नवीन महाबळेश्वर हा गिरिस्थान प्रकल्प, कोयनेच्या काठावरचे तंबू आणि रिसॉर्ट, शेतकरी असल्याचा दाखला मिळवून घेतलेली शेतघरे, हे सगळे निसर्गाकडे परतण्याच्याच भाषेत विकले जाते. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यास कुळकायद्यातच मनाई आहे, पण सामाईक खात्यातला एखादा अडचणीत आलेला हिस्सेदार आपला अविभक्त वाटा दाखलाधारकाला विकतो आणि मग तोच खरेदीदार इतरांच्या मागे लागतो. रोजगाराचा युक्तिवाद इथे झटकून टाकण्यासारखा नाही. तापोळ्याच्या लाँचवर किंवा बामणोलीच्या खानावळीत जे तरुण काम करतात ते नाहीतर वाशी मार्केटला असते. मात्र उतार यंत्राने कापून सपाट करणे हे हाताने ताल रचण्याहून वेगळ्या जातीचे काम आहे. ३० जुलै २०१४ ला माळीण, २२ जुलै २०२१ ला तळिये, १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडी: तिन्ही ठिकाणी डोंगर वस्तीवर आला. इर्शाळवाडीसारख्या ठिकाणी कोणतेही रिसॉर्ट नव्हते, तेव्हा सगळा दोष बांधकामावर टाकणे बरोबर नाही. पण थोड्या तासांत कोसळणाऱ्या पावसाच्या या काळात पाणी वाट काढून देणारे जुने चर, पाट आणि ताली सांभाळणारे हात कमी होत असताना त्याच उतारांवर नवे रस्ते व प्लॉट कापणे हे धोका दुप्पट करणारे आहे, एवढे म्हणायला भूगर्भशास्त्रज्ञ असण्याची गरज नाही.

मग परतीचा हक्क कशावर ठरावा? स्मृतीवर ठरवला तर तो फक्त भावनेच्या श्रीमंतांना मिळतो, मालकीवर ठरवला तर तो शेवटी विकला जातो, आणि वन्यतेवर ठरवला तर तो कोणालाच मिळत नाही. काम हा चौथा आधार आहे आणि तो अगदी ठोस रूपात उभा करता येतो. जमीन कसायला दिली म्हणून मालकी जाणार नाही आणि कसणाऱ्याला मात्र भरपाई, पीककर्ज व विमा मिळेल, अशी भाडेपट्ट्याची सोय सुचवणारा नमुना कायदा नीती आयोगाने २०१६ मध्ये पुढे ठेवला होता. त्याचा मोठ्या कंपन्यांकडून गैरवापर होईल ही शंका सपाट प्रदेशात रास्त असली तरी चार गुंठ्यांच्या खाचरांत ती फारशी लागू पडत नाही, आणि करार ग्रामसभेत नोंदवण्याची व कसणारा त्याच गावचा असण्याची अट घातली तर ती उरतही नाही. रोजगार हमीची संकल्पना महाराष्ट्रानेच देशाला दिली. ताली, झरे आणि पाट यांची दुरुस्ती तिच्याखाली सामाईक कामे म्हणून घेतली तर उताऱ्यावर किती नावे आहेत हा प्रश्न आड येण्याचे कारण नाही. आणि साठीला आलेला माथाडी किंवा सुरक्षारक्षक जेव्हा गावी येतो, तेव्हा त्याला शेती येत नाही हे गृहीत धरून चालणेही चूक आहे. त्याला ती येते, त्याच्या सुनेला येत नाही, आणि त्याच्या बहिणीला सर्वांहून चांगली येते.

व्यवहारात अडचण वेगळीच आहे. गावाचे मोठे निर्णय चैत्र-वैशाखातल्या यात्रेच्या दिवसांत होतात, कारण तेव्हा मुंबईकर हजर असतात आणि वर्गणी त्यांची असते. या निर्णयांची बैठक आषाढात, लावणीच्या तोंडावर ठेवावी, मंडळाचा पैसा कोणत्या झऱ्याला आणि कोणत्या तालीला जायचा हे त्या पावसात ठरावे, आणि त्या वेळी चिखलात उभ्या असलेल्यांना, उताऱ्यावर नाव असो वा नसो, मत असावे, अशी मागणी गावात राहिलेल्या बायकांनी केली तर मुंबई मंडळांना ती मान्य करणे जड जाईल. आणि ज्या मंडळाला ती मान्य होईल त्याच्या सभासदांना परतण्यासाठी निवृत्तीपर्यंत थांबण्याचेही कारण उरणार नाही.